रेघ शेपला चिकटवायची म्हणजे नक्की काय सेव्ह करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे की डायग्राम काढायचं टूल बनतंय, चौकोन, गोल, डायमंड कॅनव्हासवर हलवता येतात, रेघाही काढता येतात, पण रेघेचं टोक शेपला कुठे चिकटवायचं ते ठरत नाहीये. प्रत्येक शेपला चार ठरलेले पॉइंट द्यायचे, की कडेवर कुठेही चिकटू द्यायचं, की नुसतं "या शेपला" एवढंच लक्षात ठेवून बाकी सॉफ्टवेअरवर सोडायचं. आणि सध्या टोकाचे एक्स-वाय सेव्ह होतात, त्यामुळे शेप मोठा केला की रेघ एकतर हवेत लटकते नाहीतर आत घुसते.

लटकण्यापासूनच सुरू करतो, कारण बाकीचे निर्णय तिथूनच निघतात. युजर जेव्हा रेघ शेपवर आणून सोडतो तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. "हे याला जोडलंय" असं सांगत असेल, किंवा "याच्या उजव्या बाजूने जोडलंय", किंवा "याच्या तिसऱ्या पिनला जोडलंय". फाइलमध्ये हे सांगणं सेव्ह करायचं आणि एक्स-वाय दर वेळी त्याच्यावरून मोजून काढायचे. कल्पना काही नवीन नाही, १९६३ साली आयव्हन सदरलंडनी एमआयटीत स्केचपॅड हा स्क्रीनवर चित्र काढायचा प्रोग्राम केला त्यात दोन रेघा एका बिंदूत भेटत असतील तर दोघींचा बिंदू खरोखर एकच असायचा, तो हलवला की दोन्ही हलायच्या. आपण मात्र आजही पहिल्या व्हर्जनमध्ये चार आकडे सेव्ह करून मोकळे होतो आणि मग शेप हलवल्यावर रेघा सरकवायचा कोड लिहितो, मग रिसाइझचा वेगळा, मग रोटेटचा वेगळा, आणि प्रत्येकात एखादी केस सुटतेच.

आता तीन पर्यायांपैकी कुठला घ्यायचा. बरीच जुनी टूल्स एकापेक्षा जास्त प्रकार ठेवतात आणि ते उगाच नाही. व्हिजिओत, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डायग्राम टूलमध्ये, टोक शेपच्या आत सोडलं की अख्खा शेप हायलाइट होतो आणि नंतर शेप इकडून तिकडे नेला की रेघ आपोआप दुसऱ्या बाजूने जोडली जाते, पण नेमक्या कनेक्शन पॉइंटवर सोडलं तर ती तिथेच राहते, मग शेप कुठेही न्या. ड्रॉ डॉट आयओ या टूलमध्ये पण हेच, पहिल्याला फ्लोटिंग म्हणतात आणि दुसऱ्याला फिक्स्ड. लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये शेपला चार ग्लू पॉइंट, म्हणजे रेघ चिकटायच्या जागा, आयते असतात, वर तुम्ही स्वतःचे टाकू शकता.

माझं मत विचाराल तर डीफॉल्ट फ्लोटिंग, म्हणजे "या शेपला" एवढंच. फिक्स्ड फक्त युजरने मुद्दाम मागितलं तर. आणि पोर्ट, म्हणजे नाव असलेल्या जागा, फक्त अशा शेपला जिथे जागेला स्वतःचा अर्थ आहे. सर्किटमध्ये अँड गेट नावाच्या भागाचा इनपुट आणि आउटपुट या अदलाबदल करायच्या गोष्टी नाहीत, डेटाबेसच्या टेबलात रेघ कुठल्या कॉलमला जाते यालाच अर्थ आहे, तिथे पोर्ट हवाच आणि तिथे "शेपला कुठेही" ही सोय चक्क बंद करून टाका. पण साध्या फ्लोचार्टमध्ये चौकोनाच्या डाव्या बाजूला लागलं की वरच्या, याने अर्थ काहीच बदलत नाही, मग तो निर्णय युजरच्या डोक्यावर कशाला टाकायचा?

फक्त चार पॉइंट ठेवायचा मोह होतो कारण कोड सोपा. पण एकाच चौकोनात पाच बाण यायला लागले की सगळे एका ठिपक्यावर गर्दी करतात आणि शेवटचा तुकडा एकमेकांवर बसतो, बघणाऱ्याला वाटतं रेघा आधीच एकत्र झाल्यात आणि मग कुठली कुठून आली ते कळत नाही. याच्या उलट "कडेवर कुठेही, जिथे सोडलं तिथे" हे ऐकायला उदार वाटतं पण प्रत्यक्षात युजरचा हात जिथे थांबला तो पिक्सेल कायमचा कोरला जातो. त्याला फक्त जोडायचं होतं, त्याने घाईत कडेच्या ४७ टक्क्यांवर सोडलं, समोरचं टोक ५० वर आहे, आणि आता काटकोनी रेघेला मध्ये तीन पिक्सेलची एक फालतू पायरी आहे जी तो पुढची दहा मिनिटं झूम करून घालवत बसणार. कोणी मागितलेली नव्हती ती अचूकता.

मग मुद्दाम मागितलंय हे ओळखायचं कसं, खरं डिझाइन इथे आहे. सगळ्यात सरळ म्हणजे व्हिजिओसारखं, आत सोडलं तर फ्लोटिंग, ठिपक्यावर सोडलं तर फिक्स्ड, आणि सोडायच्या आधी दोन्हींचं दिसणं पूर्ण वेगळं ठेवा. फ्लोटिंगला अख्खी आउटलाइन उजळायची, फिक्स्डला फक्त तो ठिपका, दोन्ही एकदम उजळवू नका. टीएलड्रॉ या कॅनव्हास टूलमध्ये बाण शेपच्या आत नेऊन जरा थांबलं की तो नेमकी जागा पकडतो, पटकन सोडलं तर नुसता शेपला लागतो, घाई केली म्हणजे जागेशी देणंघेणं नाही, हे मला फार आवडतं पण नवख्या माणसाला ते आपोआप सापडत नाही हेही खरं. आणि काहीही करा, चिकटू नको म्हणायला एक की ठेवाच. एक्सकॅलिड्रॉ या तशाच टूलमध्ये कंट्रोल किंवा कमांड दाबून ठेवलं की बाण चिकटत नाही. ही सोय नसेल तर शेपच्या शेजारून नुसता एक बाण काढायचा असलेला माणूस वेडा होतो.

चिकटण्याचं अंतर स्क्रीनच्या पिक्सेलमध्ये ठेवा, म्हणजे झूमने भागून घ्या, नाहीतर झूम आउट केल्यावर काही केल्या चिकटत नाही आणि झूम इन केल्यावर लांबूनच ओढून घेतं. आणि चिकटायचं आणि सुटायचं अंतर वेगळं ठेवा, समजा ८ ला चिकटतं तर १४ ला सुटू दे, एकच आकडा असेल तर सीमेवर हात थरथरला की हायलाइट लुकलुकत राहतो. बोटाने वापरणार असतील तर ठिपका दिसायला लहान असला तरी पकडायची जागा मोठी हवी, डब्ल्यूसीएजी २.२ या वेब सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेल्या नियमावलीत किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल म्हटलंय, बोटासाठी मी त्याहून मोठीच ठेवीन.

एकावर एक शेप असतील तर वरचा घ्यायचा हे बरोबर, पण दोन अपवाद आहेत. ज्या शेपला भरलेला रंग नाही त्याच्या पोकळ भागातून खालचा शेप पकडता यायला हवा. आणि एखादा कंटेनर असेल, म्हणजे आत इतर शेप ठेवलेली मोठी चौकट, तर आतल्या शेपमधून निघालेली रेघ आतच मोकळ्या जागेत सोडली म्हणून ती चौकटीला चिकटू नये, चौकटीची कडा पकडली तरच चिकटावी. ही एक गोष्ट न केल्यामुळे कंटेनर असलेली कितीतरी टूल्स वापरायला नको वाटतात.

आता गणित. फ्लोटिंग टोकासाठी शेपच्या मध्यापासून समोरच्या दिशेला एक किरण काढायचा आणि तो कडेला जिथे छेदतो तिथे रेघ संपवायची. समोरचं म्हणजे समोरच्या शेपचा मध्य, पण रेघेला मध्ये वळणं असतील तर जवळचं वळण, हे विसरलं तर रेघ वळणाकडे जाताना कडेपाशी विचित्र वाकडी होते. बरेच जण सगळ्या शेपना बाहेरच्या आयताकृती चौकटीवर छेदतात आणि मग डायमंडपाशी बाण हवेत थांबतो. त्याला फार कोड लागत नाही. मध्यापासूनचं आडवं अंतर अर्ध्या रुंदीने भागा, उभं अंतर अर्ध्या उंचीने भागा, चिन्हं काढून टाका, दोन आकडे मिळाले. आयत असेल तर त्यातला मोठा घ्या, डायमंड असेल तर दोघांची बेरीज, लंबवर्तुळ असेल तर वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ. जो आकडा येईल त्याने मूळचं आडवं-उभं अंतर भागलं आणि मध्यात मिळवलं की कडेवरचा बिंदू तयार. तीन शेप, एकच फंक्शन, फरक फक्त एका ओळीचा. बाकीच्या शेपना आउटलाइनच्या प्रत्येक तुकड्याशी छेद काढा, आणि चंद्रकोरीसारखा आत वळलेला आकार असेल तर अनेक छेद मिळतात, त्यातला मध्यापासून सगळ्यात लांबचा घ्या, नाहीतर बाण आकार ओलांडून आतल्या कडेपाशी थांबतो.

शेप फिरवलेला असेल तर शेपला फिरवून गणित करत बसू नका, किरणच उलटा फिरवून शेपच्या स्वतःच्या कोऑर्डिनेटमध्ये आणा, छेद काढा, परत फिरवा. दोन शेपचे मध्य एकावर एक आले तर वरच्या गणितात शून्याने भागाकार होतो आणि एसव्हीजी या चित्र फॉरमॅटमधल्या रेघेच्या आकड्यांत नॅन, म्हणजे "हा आकडाच नाही" अशी किंमत, गेली की रेघ गायब, युजरला वाटतं डिलीट झाली. तिथे सरळ एखादी ठरलेली दिशा घ्या. शेपच्या बॉर्डरची अर्धी जाडी बाहेर असते ती धरा. बाणाचं टोक कडेला टेकायला हवं पण रेघ स्वतः बाणाच्या बुडाशीच थांबवायची, जाड रेघ टोकापर्यंत नेली तर तिचे चौकोनी कोपरे अणकुचीदार टोकाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर दिसतात.

फिक्स्ड टोकासाठी शेपच्या मापाच्या प्रमाणात जागा ठेवायची, ० ते १. ड्रॉ डॉट आयओच्या फाइलमध्ये असंच असतं, उजव्या बाजूचा मध्य म्हणजे एक्स १ आणि वाय ०.५. मी स्वतः "कुठली बाजू, आणि त्या बाजूवर किती" असं ठेवणं पसंत करतो, कारण काटकोनी रेघ काढताना बाहेर कुठल्या दिशेने निघायचं तेही त्यातच मिळतं आणि शेपचा प्रकार बदलला तरी अर्थ टिकतो. नुसता नंबर ठेवायचं टाळा. पॉवरपॉइंटच्या फाइल फॉरमॅटमध्ये कनेक्टर शेपचा आयडी आणि जोडायच्या जागेचा नंबर ठेवतो, आयताला अशा ४ जागा आहेत आणि लंबवर्तुळाला ८, मोजणी शून्यापासून. आयतात २ नंबर म्हणजे खालची बाजू, लंबवर्तुळात २ नंबर म्हणजे डावी. म्हणजे कोणी आयताचा गोल केला आणि तुमच्या कोडने नंबर जसाच्या तसा ठेवला तर खाली लागलेली रेघ डावीकडे जाऊन बसते. आणि डेटाबेसच्या टेबलाच्या ओळीला (चित्रात एकेक कॉलम एकेका ओळीत लिहिलेला असतो) लागलेल्या रेघेला प्रमाण कधीच वापरू नका, वर एक ओळ वाढली की ०.४ वर भलताच कॉलम येतो, तिथे ओळीचा आयडीच हवा.

काटकोनी रेघांबद्दल खूप लिहिता येईल पण एक छोटी गोष्ट जी केल्यावर डायग्राम एकदम नीटनेटके दिसायला लागतात ती सांगतो. दोन चौकोन साधारण एकाखाली एक असतील, अगदी बरोबर रांगेत नसतील, तर मध्य ते मध्य जोडलं की मध्ये पायरी येते. फ्लोटिंग टोक असेल तर दोघांचा आडवा विस्तार जिथे एकमेकांवर येतो तो पट्टा शोधा आणि त्याच्या मधून सरळ उभी रेघ काढा. दोन्ही टोकं मध्यापासून जराशी सरकतात, कोणाच्या लक्षातही येत नाही. हे फक्त फ्लोटिंगमुळे शक्य होतं, सगळी टोकं आधीच फिक्स्ड करून ठेवली असतील तर सॉफ्टवेअरला हलायला जागाच उरत नाही.

मार्ग शोधणं हे टोक शोधण्यापासून वेगळं ठेवा. जॉइंटजेएस या डायग्राम लायब्ररीने याचे चार तुकडे केलेत ते मला बरोबर वाटतात, एक शेपमधला कुठला बिंदू धरून चालायचं, दोन कडेवर नेमकं कुठे थांबायचं, तीन मधली वळणं कुठे, चार ती वळणं जोडून दिसायला सरळ की गोलाई की एकमेकींवरून उडी मारणारी. शेपना टाळून काटकोनी मार्ग काढायचा असेल तर स्वतः लिहायच्या आधी लिबअव्हॉइड बघा, इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरच्या कनेक्टरमागे तीच लायब्ररी आहे. स्वतः लिहिणारच असाल तर ए-स्टार, म्हणजे सगळ्यात कमी किमतीचा मार्ग शोधायची पद्धत, घ्या आणि किमतीत लांबीपेक्षा वळणांना जास्त दंड लावा, लोकांना जरा लांबची पण कमी वळणांची रेघ चालते. आणि रेघा एकमेकींना छेदतील त्यालाही दंड लावा, हेलन परचेस या संशोधिकेने १९९७ मध्ये डायग्राम समजायला काय सगळ्यात जास्त आड येतं ते तपासलं तेव्हा छेदणाऱ्या रेघाच सगळ्यात वर आल्या होत्या.

पण सगळ्यात उत्तम मार्ग दर वेळी शोधायचा हट्टही नको. शेप चार पिक्सेल हलवला आणि रेघ अचानक उजवीकडून उडी मारून डावीकडून जायला लागली तर युजरच्या डोक्यात जो नकाशा तयार झालाय तो मोडतो. आत्ताचा मार्ग जोपर्यंत वैध आहे आणि नवा त्याच्यापेक्षा बराच चांगला नाही तोपर्यंत जुनाच ठेवा. ड्रॅग चालू असताना स्वस्तातली रेघ दाखवा, आणि हललेल्या शेपला लागलेल्याच रेघा नव्याने मोजा, त्यासाठी शेपवरून रेघा शोधायचा इंडेक्स लागतो.

हा इंडेक्स फाइलमध्ये सेव्ह करायचा का? एक्सकॅलिड्रॉमध्ये बाणाकडे शेपचा संदर्भ असतो आणि शेपकडेही त्याला लागलेल्या बाणांची यादी असते. टीएलड्रॉमध्ये जोडणी ही स्वतंत्र नोंद आहे, ना बाणात ना शेपमध्ये. मी दुसऱ्या बाजूचा आहे, किंवा जोडणी फक्त रेघेकडे ठेवा आणि उलटी यादी फाइल उघडताना मेमरीत बांधा. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की कधी ना कधी त्या दोघांचं जमत नाही, आणि दोन माणसं एकाच वेळी एडिट करत असतील तर ते लवकरच होतं. एकाने शेप डिलीट केला त्याच क्षणी दुसऱ्याने त्याला रेघ लावली, तर संदर्भ आहे पण शेप नाही अशी फाइल तयार होणारच, ती उघडताना टूल कोसळता कामा नये, टोक मोकळं करून शेवटच्या माहीत असलेल्या जागी दाखवा. म्हणून हो, एक्स-वाय सेव्ह करायचेच, पण आधार म्हणून.

शेप डिलीट केल्यावर रेघेचं काय यावर लोक हमखास भांडतात. नुसतं चित्र काढायचं टूल असेल तर रेघ लटकत ठेवणं मला बरं वाटतं, बहुतेक वेळा तिथे दुसरा शेप टाकायचा असतो. पण रेघेला अर्थ असेल तर असं चालत नाही, बीपीएमएन या कामाच्या प्रक्रिया काढायच्या पद्धतीत सीक्वेन्स फ्लोला, म्हणजे एका पायरीवरून पुढच्या पायरीला जाणाऱ्या रेघेला, कुठून आणि कुठे हे दोन्ही लागतंच, तिथे रेघही जाऊ दे, फक्त शेप आणि रेघा मिळून अनडू एकाच झटक्यात व्हायला हवा. बीपीएमएन २.० ची फाइल एकदा उघडून बघाच, कोण कोणाला जोडलंय हे एका भागात आणि वळणांचे आकडे दुसऱ्या भागात, त्यामुळे चित्राचा भाग टाकून दिला तरी प्रोसेस जशीच्या तशी राहते.

कॉपी-पेस्टमध्ये दोन्ही शेप आणि रेघ घेतली तर नवे आयडी देताना रेघेतले संदर्भही बदला, नाहीतर पेस्ट केलेली रेघ जुन्या शेपला लागून अख्ख्या पानावरून आडवी जाते. एकच शेप कॉपी झाला तर दुसरं टोक मोकळं. स्वतःलाच परत येणारी रेघ आणि त्याच दोन शेपमधल्या दोन-तीन रेघा यांना वेगळं वागवावं लागतं, कारण मध्य ते मध्य गणितात पहिलीची लांबी शून्य आणि दुसऱ्या एकमेकींवर. लेबल रेघेच्या लांबीच्या प्रमाणात ठेवा आणि बाजूला किती सरकवलंय ते वेगळं. ड्रॅग न करता जोडायची सोयही ठेवा, दोन शेप निवडून एक कमांड, डब्ल्यूसीएजी २.२ ड्रॅगला पर्याय मागतंच आणि मोठ्या डायग्राममध्ये धडधाकट लोकही तेच वापरतात.

राहिल्या तुमच्या जुन्या फाइल्स ज्यात नुसते एक्स-वाय आहेत. उघडताना प्रत्येक टोकाजवळ, ठरावीक अंतरात, कुठल्या शेपची कडा आहे ते बघा. एकच सापडला तर फ्लोटिंग जोडणी करा, दोन सापडले किंवा शंका असेल तर टोक मोकळंच राहू दे. आणि जोडणी लावली तरी रेघ लगेच नव्याने काढू नका, जुने आकडे तसेच दाखवा आणि युजरने त्या दोनपैकी एखादा शेप हलवला की मगच नवं गणित लावा, नाहीतर लोक अपडेटनंतर फाइल उघडतील, कशालाही हात न लावता सगळ्या रेघा जरा जरा सरकलेल्या दिसतील, आणि तुमच्याकडे तक्रारींचा पाऊस पडेल.